आमची सायकलस्वारी

सही करण्याची सवय ही मोठी वाईट. तीस वर्षे अध्यापनात घालविलेल्या मनुष्यापुढे कोणताही कागद आला की त्याचा हात खिशातील लेखणीकडे आपोआप वळतो. हजेरीपट, रजेचे अर्ज, वर्तणुकीचे दाखले, परीक्षेतील पर्यवेक्षणाचे तक्ते यांवर आम्ही आजवर ज्या असंख्य सह्या केल्या, त्यांपैकी एकीनेही आमची झोप कधी उडविली नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात यवतमाळच्या एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात, फळीवर पडलेल्या रेघी वहीत जी सही आमच्या हातून झाली, तिने आमच्या आठ रात्री खाल्ल्या.

त्याचे असे झाले. वीस वर्षांपूर्वी घेतलेली, आणि अलीकडे अंगणातील जाईच्या वेलास आधार देण्याचे काम इमानेइतबारे करीत असलेली आमची काळी सायकल, पाहुण्यांच्या मुलाने हट्ट धरल्यामुळे, पंक्चर काढण्यास आम्ही दुकानी नेली होती. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यात गुंतला होता. आम्ही सहज वही उघडली. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘रविवार, पहाटे साडेपाच. समता मैदान ते कळंब व परत. वयाची अट नाही. वर्गणी नाही.’ खाली रकाने आखलेले : नाव, वय, रक्तगट, सायकलीचा प्रकार, आणि शेवटी ‘आपत्प्रसंगी कोणास कळवावे’. सतरा नावे झाली होती. दुकानदार मान वर न करताच म्हणाला, “लिहा ना सर तुमचंही. एवढं काही नाही त्यात.”

ज्या गोष्टीत ‘एवढं काही नाही’ असे एखादा तरुण आपल्या तोंडावर म्हणतो, तिला नकार देणे म्हणजे वयाची कबुली देणेच होय. आम्ही अठरावे नाव घातले. वयाच्या रकान्यात ५६ हा आकडा किंचित बारीक काढला. वरच्या मंडळींनी ‘गिअरची’, ‘हायब्रिड’ वगैरे लिहिले होते, त्याखाली ‘साधी’ असे लिहिले. आणि शेवटच्या रकान्यात सहधर्मचारिणीचे नाव टाकून मोकळे झालो.

घरी ही वार्ता कळताच सौभाग्यवतींनी पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारले, “आपत्ती कोणती यायची आहे?”

“तशी कोणतीच नाही. लिहिण्याची रीत असते.”

“मग माझं नाव घालण्यापूर्वी मला विचारण्याची रीत नसते वाटतं? त्या दिवशी मी फोन उचलणार नाही!”

वहीच्या पाच रकान्यांपैकी चार आपल्या एकट्याच्या अधिकारातले असले तरी पाचव्यात दुसऱ्या माणसालाही ओढावे लागते, ही गोष्ट आमच्या ध्यानात प्रथम आली ती अशी.

वास्तविक सायकल आम्हांस अपरिचित नव्हती. पण तो परिचय मुख्यत्वे ग्रंथद्वारा झालेला. विद्यार्थिदशेत एच. जी. वेल्सची १८९६ सालची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी वाचून तिच्यातील कापडदुकानाच्या नोकराबरोबर आम्ही दक्षिण इंग्लंडभर हिंडलो होतो. जेरोम के. जेरोमच्या १९०० सालच्या पुस्तकातील त्रिकुटाबरोबर जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टही आम्ही पालथे घातले होते. आरामखुर्चीतील या प्रवासाचा गुण असा की, त्यात चढ लागत नाही आणि वारा नेहमी पाठीमागून वाहतो.

असल्या वाचनातून एक विचार मात्र आमच्या मनात रुजला होता. सायकल हे मुळात एकट्याचे वाहन आहे. बैलगाडीत सारे कुटुंब बसते. सायकलीवर एक मनुष्य, फार तर त्याच्या मागे त्याचे पोर. तरीही हे वाहन निघाल्यापासून माणसांना ते मेळ्याने चालवावेसे वाटत आले आहे. इंग्लंडात हॅरोगेट येथे १८७८ सालीच सायकलीने हिंडणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. आपल्याकडे १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. तिघांची साथ वाटेत सुटली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७०,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस परतले. आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत १२ दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. पण त्या शर्यतीतही सायकलस्वाराच्या पाठीशी मदतनिसांची गाडी असावीच लागते. एकट्याच्या प्रवासालाही मागे कोणीतरी लागते, असे एक वाक्य आम्ही तेव्हा मनाशी जुळविले आणि स्वतःवरच खूष झालो. त्याचा अर्थ पुढे कळंबच्या रस्त्यावर कळावयाचा होता.

बुधवारी पहाटे गोधनी रस्त्याने सराव करून पाहिला. तीन किलोमीटरांतच आमच्या गुडघ्यांनी अशी काही भाषा सुरू केली की, शुक्रवारी सायंकाळी आम्ही नाव खोडण्याच्या निश्चयाने दुकानाची वाट धरली. निमित्तही तयार होते : उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मास्तरकीच्या धंद्यात हे निमित्त बारमाही उपयोगी पडते. वही उघडली, आणि पाहतो तो आमच्या नावाखाली अकरा नवी नावे! एकोणिसावे नाव आमच्याच वसाहतीतील एका निवृत्त पोस्टमास्तरांचे, वय ६७; विसावे प्राथमिक शाळेच्या एका बाईंचे. दुकानदार उत्साहाने म्हणाला, “सर, तुमचं नाव पाहून लोक लिहून राहिले!”

लेखणी जशी बाहेर काढली होती तशीच आम्ही ती पुन्हा खिशात ठेवली. यादीत घातलेले नाव आपले एकट्याचे राहत नाही, दुसरी माणसे त्याला धरून उभी राहतात. मग ते मागे घेणे म्हणजे शिडीवर माणसे चढल्यानंतर शिडी काढून घेण्यासारखे होते.

रविवारी पहाटे समता मैदानावर अंधारात तीसेक सायकलींचे दिवे लुकलुकत होते. कानटोप्या, मफलर, हातमोजे यांनी ओळखीची माणसेही अनोळखी झाली होती. म्होरक्याने तीन नियम सांगितले. पहिला, ज्याने त्याने आपल्या चालीने जावे, कोणी कोणाशी शर्यत लावू नये. दुसरा, ठरलेल्या थांब्यावर शेवटचा मनुष्य येऊन पोहोचून त्याचा दम परत येईपर्यंत कोणी पुढे निघू नये. तिसरा, एक जण सर्वांच्या मागे राहील, त्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही. हा तिसरा नियम ऐकताना आम्ही आमच्या सायकलीच्या घंटीशी खेळत होतो. आपल्याशी त्याचा काही संबंध येईल असे वाटलेच नाही.

यवतमाळ हे माळावर वसलेले गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. त्यामुळे कळंबचा रस्ता प्रवाशास जाताना सुख देतो आणि येताना ते व्याजासह वसूल करतो. हे बावीस-तेवीस किलोमीटर जाताना आम्ही जवळजवळ पाय न हलविता काटले. नागपूरकडे जाणाऱ्या रुंद महामार्गाच्या कडेने आमची रांग घरंगळत चालली होती. उजाडले तशी दोन्ही बाजूंची शेते दिसू लागली. उकललेल्या बोंडांनी पांढरी झालेली कपाशी आणि तिच्यामधून तुरीच्या हिरव्या-पिवळ्या ओळी. कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेस लागल्या होत्या. कमरेला ओटी बांधून वेचणीस निघालेल्या बायांनी आमच्या मेळ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुन्हा पावले उचलली. त्यांच्या दिवसाची चाल आमच्यामुळे बदलणारी नव्हती.

कळंबला चिंतामणीचे दर्शन घेतले. हे गणेशाचे स्थान जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. तेथल्या कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने चढत जाऊन देवाच्या चरणांस लागते अशी लोकांची श्रद्धा आहे. देव असा खोल असणे भक्तीस पोषक असेल. परंतु वर येताना आमच्या गुडघ्यांनी पहिला जाहीर निषेध नोंदविला. बाहेर चहा आणि गरम आलुबोंडे झाले. कळंबला २०२४ साली वर्ध्याहून रेल्वे आली आहे; पण ती आम्हांस घराच्या उलट दिशेस नेणार, म्हणून त्याही मोहाचा उपयोग नव्हता.

परतीच्या प्रवासाचे सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही. पाच किलोमीटरांत बाई पुढे गेल्या. सातव्या किलोमीटरास पोस्टमास्तर, ‘येतो सर’ म्हणून, तीस वर्षांच्या टपालाच्या सवयीने संथ पायडल मारीत पुढे गेले. मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून डुलत जाणारी आमची जुनी शकुंतला गाडी आम्हांस त्या वेळी वेगवान वाटली असती. मागे वळून पाहिले तो फक्त एक मनुष्य दिसला. पस्तिशीचा, एका पतसंस्थेत नोकरीस असलेला तरुण. सर्वांच्या मागे राहणारा तो हाच.

“तुम्ही व्हा पुढे,” आम्ही म्हटले.

“नाही सर. मागं राहणं हेच आज माझं काम आहे.”

वाचकांपाशी खरे सांगावयाचे तर हे ऐकून आम्हांस राग आला. ज्याच्या प्रवेशाबरोबर वर्ग उठून उभा राहतो, त्याच्या मागे कोणी राखणदारासारखे चालावे! साखळी तपासण्याचे सोंग करून आम्ही थांबलो, तोही थांबला. पाणी पिण्याचे निमित्त केले. त्यानेही बाटली काढली. आपल्याकरिता कोणी थांबले आहे ही जाणीव चढापेक्षा जड असते.

इतक्यात मागून घंटी वाजली. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी, कॅरिअरवर लहान भाऊ आणि हँडलला जेवणाचा डबा, आमच्या बाजूने निघाली होती. आमची अवस्था पाहून तिने विचारले, “काकाजी, सायकल बिगडली काय जी?”

“सायकल ठीक आहे, बाई.”

“मंग उतरा न. पायदळ चाला थोडं. चढावर आमीबी उतरतो.” आणि पुढच्या चढाशी ती खरोखरच खाली उतरली, भावासह सायकल ढकलीत वर गेली, आणि पुन्हा बसून शेताच्या वाटेस वळली. चढावर उतरावे, यात लाजण्यासारखे काय आहे, ही गोष्ट तिने इतक्या सहजपणे शिकविली की आमच्याच्याने तसे शिकविणे कधी झाले नसेल. आम्ही उतरलो. मागचा तरुणही, त्याच्या सायकलीला गिअर असताना, उतरून आमच्याबरोबर चालू लागला.

“शाळेची सायकल आहे तिची,” तो म्हणाला. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्याकरिता सायकलींसाठी मदत मिळते, हे आम्ही वाचले होते. तो पुढे म्हणाला, “आमच्या वेळी अशी एखादी सायकल घरी असती ना सर, तर मी तुमच्या तासाला वेळेवर आलो असतो.”

“म्हणजे? आमचा विद्यार्थी होता तुम्ही?”

“एक वर्ष. आपला तास साडेसातचा. गावाहून फाट्यापर्यंत पायी यायचो, तिथून एसटी. ती पोहोचायची पावणेआठला. तोवर दार लागलेलं असायचं.” तो मनापासून हसला. “दाराच्या फटीतून ऐकू यायचं सर. अर्धा ‘हॅम्लेट’ मी व्हरांड्यात उभा राहून शिकलो. दुसऱ्या वर्षी मग इंग्रजी सोडून कॉमर्सला गेलो. बरंच झालं म्हणा, नोकरी लागली.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देता आले असते. शिस्त, वेळेचे मोल, वक्तशीर विद्यार्थ्यांवर होणारा अन्याय, या विषयांवर आम्ही तयारीशिवाय तासभर बोलू शकतो. घंटा झाल्यावर पाच मिनिटांनी दार लावणे हा आमचा लौकिक होता. सहकारी त्याची वाखाणणी करीत, पालक नावाजत. दाराबाहेर कोण आहे, तो कोठून किती चालत आला आहे, हे मात्र आम्ही तीस वर्षांत एकदाही उघडून पाहिले नव्हते. हजेरीपटात त्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत होतो, आणि खाली सही. आमच्या असंख्य सह्यांपैकी एकीनेही आमची झोप उडविली नाही, असे आम्ही आरंभी म्हटले. त्यांपैकी काहींनी ती उडवावयास हवी होती.

थांब्यावर एका कडुनिंबाखाली सगळी मंडळी बसली होती. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, कोणी ‘शाबास’ म्हटले नाही. तसे झाले असते तर आम्ही मेल्याहून मेले झालो असतो. पोस्टमास्तरांनी सरकून जागा केली आणि सोललेल्या संत्र्याचा अर्धा भाग आमच्या हातावर ठेवला. एका तरुणाने मात्र हळूच घड्याळाकडे पाहिले. त्यास दहा वाजता कामावर हजर व्हावयाचे होते, असे मागाहून कळले. आमच्याकरिता त्याची पंचवीस मिनिटे गेली होती.

त्या घड्याळाकडे टाकलेल्या दृष्टीमुळेच हा विषय आम्हांस सोपा करून सांगता येत नाही. जो मागे पडला त्याच्याकरिता सर्वांनी खोळंबावे, हे म्हणण्यास गोड. पण जे वेळेवर येतात त्यांनाही पुढे कोठे तरी पोहोचावयाचे असते. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी कदाचित पहाटे चारला उठून आलेली असते. प्रत्येक उशिराच्या पावलासरशी धडा पुन्हा आरंभिला तर तिचा तास बुडतो. म्हणून दार लावणारे सारेच निर्दय असतात, असे आम्ही म्हणणार नाही. निदान स्वतःविषयी तसे म्हणवत नाही.

परंतु त्या मेळ्याचे नियम पुन्हा आठवून पाहिले असता त्यांत एक शहाणपण दिसते. वेगाने जाणाऱ्यास त्यांनी हळू चालविले नव्हते. ज्याची त्याची चाल ज्याला त्याला मोकळी होती. आमच्याबरोबर रखडत चालला तो एकच मनुष्य, आणि तोही आपखुषीने. इतरांनी फक्त एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या झाडाखाली वाट पाहिली. मागे पडलेल्याला सर्वांची चाल नको असते. पुढे कोठेतरी आपली वाट पाहिली जात आहे, तेथवर पोहोचलो तर आपण पुन्हा रांगेत आहोत, एवढी खात्री त्याला पुरते. आमच्या वर्गात असे झाड नव्हते; केवळ दार होते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साडेसातच्या तासाला आम्ही दार लोटले, कडी घातली नाही. पावणेआठाच्या सुमारास दोन मुले फटीतून आत डोकावली, आणि दार उघडे आहे हे पाहून ती इतकी गोंधळली की एक जण पुन्हा बाहेरच जाऊ लागला. ‘बसा’ म्हटले, ती मागच्या बाकावर बसली. तास संपण्यास पाच मिनिटे असताना आम्ही आरंभीचा भाग थोडक्यात पुन्हा सांगितला. पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, हे झालंय!” झाले होते खरे. आम्ही म्हटले, “तुमचे झाले आहे. थोडा वेळ झाडाखाली बसा.” वर्गास यातले काही कळले नाही, आणि इतक्या उशिरा शिकलेला हा धडा समजावून देण्याचे धैर्य आम्हांसही झाले नाही. ज्याने ‘हॅम्लेट’ व्हरांड्यात ऐकला त्यास याचा काही उपयोग नाही, हे आम्ही जाणून आहोत. तो इंग्रजी सोडून गेला तो गेलाच.

दुकानात नवी वही आली आहे. या खेपेचा बेत दारव्ह्याच्या रस्त्याचा आहे असे ऐकतो. काल सायंकाळी जाऊन आम्ही नाव घातले. सायकलीच्या प्रकारात पूर्ववत ‘साधी’ लिहिले. वयाचा आकडा या वेळी नीट ठळक काढला. शेवटचा रकाना मात्र घरी विचारून भरावयाचा म्हणून तूर्त कोरा ठेवला आहे.